इमोजेन हीप : गाण्याची दोरी स्वतःच्या हाती

‘हाइड अँड सीक’ या गाण्यात ना ताल आहे, ना कुठलं वाद्य. तरी ऐकताना मागे भलामोठा गायकवृंद उभा असल्याचा भास होतो. ही करामत हार्मोनायझर नावाच्या एका डब्याची. गायिका माइकमध्ये गाते आणि त्याच वेळी कीबोर्डवर स्वर धरते. ज्या पट्ट्या दाबल्या जातील त्या स्वरांवर तिच्याच आवाजाच्या प्रती उमटतात. तोंड मिटलं की पट्ट्या कितीही दाबा, आवाज शून्य. पेटीचा भाता गाणाऱ्याच्या छातीत बसवावा, तसं हे प्रकरण. म्हणूनच सगळं यंत्रातून येत असूनही गाण्यात श्वास ऐकू येतो, शब्द फुटण्याआधी ओठ विलग झालेले कळतात.

हे गाणं झालं त्या दिवशी इमोजेन हीपच्या संगणकाने मान टाकली होती. दिवस फुकट घालवून घरी जायचं तिच्या जिवावर आलं. तिने हार्मोनायझर चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरला जोडला आणि सुचेल तसं गात सुटली. इलेक्ट्रॉनिक पॉप म्हटलं की ‘बटण दाबलं की झालं’ म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी निदान हे एक गाणं ऐकावं.

हीपचा जन्म १९७७ चा, लंडनच्या पूर्वेला एसेक्सच्या बाजूचा. पियानो, चेलो, क्लॅरिनेट असं रीतसर शिक्षण झालं. निवासी शाळेत मात्र संगीताच्या शिक्षकांशी तिचं बिनसलं आणि तिचा मुक्काम अटारी संगणक ठेवलेल्या खोलीत हलला. तिथे ती आपली आपण ध्वनिमुद्रण शिकली. पुढे क्रॉयडनचं ब्रिट स्कूल, विशीच्या आतच रेकॉर्ड कंपनीशी करार आणि १९९८ मध्ये ‘आय मेगाफोन’ हा पहिला अल्बम. मग ती कंपनी मोठ्या कंपनीने गिळली आणि करार हातचा गेला. गाय सिग्सवर्थसोबत तिने ‘फ्रू फ्रू’ ही जोडी जमवली. २००२ चा ‘डिटेल्स’ फारसा खपला नाही. २००४ मध्ये ‘गार्डन स्टेट’ चित्रपटाने त्यातलं ‘लेट गो’ घराघरांत नेलं, पण तोवर जोडी फुटली होती.

यानंतरचा तिचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कंपन्यांच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी तिने राहतं घर गहाण टाकलं आणि त्या पैशांत अल्बम केला. लेखन, गायन, वादन, ध्वनिमुद्रण, निर्मिती, जवळपास सगळं एकटीने. तो ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’ २००५ मध्ये तिच्या स्वतःच्या लेबलवर निघाला. त्याच वर्षी ‘द ओ.सी.’ या अमेरिकन मालिकेच्या हंगामाच्या शेवटच्या भागात, गोळीबाराच्या प्रसंगावर ‘हाइड अँड सीक’ वाजलं. तो प्रसंग इतका गाजला की पुढे त्याची विडंबनं निघाली. २००९ मध्ये जेसन डेरूलोने त्याच गाण्याचा तुकडा घेऊन ‘वॉचा से’ केलं आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गीतकारांच्या नावांत हीपचंही नाव होतं.

पुढचा अल्बम ‘एलिप्स’ तिने बालपणीच्या घराच्या तळघरात स्टुडिओ थाटून केला. त्याला २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही गाण्यासाठी नव्हे, ध्वनिमुद्रणाच्या अभियांत्रिकीसाठी. काचेपलीकडे बसून बटणं फिरवणारा माणूस हा पुरुषच, असं गृहीत धरणाऱ्या धंद्यात हे बक्षीस मला इतर कुठल्याही मानापेक्षा मोठं वाटतं. दुसरं ग्रॅमी टेलर स्विफ्टच्या ‘१९८९’ या अल्बममुळे आलं. त्यातलं ‘क्लीन’ हे गाणं दोघींनी मिळून केलेलं.

भारताशी तिचा संबंध आला तो २०११ मध्ये. ‘द ड्यूअरिस्ट्स’ या कार्यक्रमासाठी तिने विशाल-शेखर यांच्यासोबत ‘माइंड्स विदाउट फिअर’ केलं, रवींद्रनाथांच्या कवितेतून प्रेरणा घेऊन. पुढे ते २०१४ च्या ‘स्पार्क्स’ अल्बममध्येही आलं. गाणं गोड आहे, पण तिच्या उत्तम कामांत मी त्याची गणना करणार नाही.

तिचा खरा ध्यास हातमोज्यांचा. रंगमंचावर लॅपटॉपवर वाकून बटणं दाबणारा कलाकार नेमकं काय करतोय, हे प्रेक्षकाला कळतच नाही. म्हणून तिने ब्रिस्टलचे संशोधक टॉम मिचेल आणि इतरांच्या साथीने ‘मिमू’ हातमोजे घडवले. बोट किती वाकलं ते त्यातले संवेदक टिपतात, मनगटावरचं यंत्र हाताची दिशा मोजतं आणि बिनतारी माहिती संगणकाकडे जाते. मूठ मिटली की गायलेला तुकडा पकडला जाईल, हात वर नेला की त्याचा घुमारा वाढेल, असं प्रत्येक हालचालीचं काम कलाकाराने स्वतःच ठरवायचं. पुढे आरियाना ग्रांदेनेही ते दौऱ्यात वापरले. सेरेब्रल पाल्सीमुळे गिटार अवघड झालेल्या एका ब्रिटिश संगीतकाराला याच मोज्यांनी पुन्हा वाजवता आलं. त्या एका उपयोगासाठीही सगळा खटाटोप सार्थकी लागला म्हणायचा.

सगळेच प्रयोग असे फळले नाहीत. कलाकाराचा पैसा मधल्या दलालांविना थेट त्याच्या हाती पडावा म्हणून २०१५ मध्ये तिने ‘टायनी ह्यूमन’ हे गाणं ब्लॉकचेनवर विकायला काढलं. बोलबाला अफाट झाला, गल्ल्यात जमली ती अगदीच किरकोळ रक्कम.

गंमत म्हणजे, बाजार स्वतःहून तिच्याकडे आला तो कुठल्याही तंत्राची आखणी न करता. गहाणाच्या पैशांतल्या त्याच अल्बममधलं ‘हेडलॉक’ टिकटॉकवर पोरांनी उचललं आणि २०२५ मध्ये, निघाल्यावर वीस वर्षांनी, ते अमेरिकेच्या यादीत शिरलं. अल्बम आला तेव्हा या पोरांपैकी अनेक जण जन्मलेही नव्हते. हीप तोवर कृत्रिम बुद्धिमत्तेत बुडाली होती: आपला आवाज यंत्राने वापरायचा तर परवानगी कुणाची, श्रेय कुणाला आणि पैसे कुणाच्या खात्यात, या प्रश्नांच्या मागे ती लागली आहे. ब्लॉकचेनसारखाच हाही डाव फसेल असं मला वाटतं. पण या प्रश्नांशी झगडायला कुठल्या कंपनीच्या वकिलापेक्षा तीच बरी.