सल्ल्याच्या वाटा व त्यांचे मोल

2017 च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापसाची मोठी हानी केली. ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. त्यामुळे ती बाहेरून दिसत नाही व फवारणीने सहसा मरत नाही. हंगामानंतर ती उरलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. म्हणून फरदड घेऊ नये, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करावे व पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी, असे सांगितले जाते. परंतु हा उपाय एकट्यादुकट्याने करण्याचा नव्हे. शिवारातील बहुतेकांनी शेते मोकळी केली आणि ओढ्यापलीकडील एका वस्तीवर फरदड उभी राहिली, तर तेथील पतंग सर्वांच्याच कपाशीवर उतरतात. तेव्हा निरोप किती जणांना मिळाला, यापेक्षा तो कोणाला मिळाला नाही हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

शेतकरी नवी गोष्ट कशी स्वीकारतो, याचा एक जुना अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. रायन व ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन 1943 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बियाण्याची पहिली वार्ता बहुधा विक्रेत्याकडून आली होती. परंतु ते घ्यावे असे मनाने घेतले ते शेजाऱ्यामुळे. ऐकणे व पटणे या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या असतात, हे त्यावरून दिसून आले.

या वाटांचे महत्त्व कसे मोजावे? सोपी रीत म्हणजे कोणाचे किती जणांशी येणेजाणे आहे ते मोजणे. ही रीत अपुरी का पडते, ते एका कल्पित उदाहरणावरून समजेल. गावठाणात पाच शेतकरी आहेत व पाचही जणांचे एकमेकांशी बोलणे आहे. ओढ्यापलीकडील वस्तीवर चार शेतकरी आहेत. त्यांचेही आपसांत तसेच. या दोन्ही ठिकाणांना जोडणारा संबंध मात्र एकच आहे. वस्तीवरील एक शेतकरीण दळणासाठी गिरणीवर येते आणि गिरणीवाला हा गावठाणातील पाचांपैकी एक आहे. संबंध मोजले तर गावठाणातील दुकानदाराचे चार व गिरणीवाल्याचे पाच भरतात. फरक केवळ एकाचा!

आता प्रत्येक संबंधावरून किती जोड्यांचा निरोप जातो ते पाहावे. दुकानदार व त्याचा शेजारी यांच्यातील संबंध केवळ त्या एका जोडीच्या कामी येतो. दुकानदार व गिरणीवाला यांच्यातील संबंध पाच जोड्यांच्या उपयोगी पडतो. कारण दुकानदाराचा वस्तीवरील चौघांकडे जाणारा निरोपही त्यावरूनच जातो. गिरणीवाला व ती शेतकरीण यांच्यातील संबंधावर मात्र पाच गुणिले चार, म्हणजे वीस जोड्यांचा भार आहे. दुकानदार शेजाऱ्याशी भांडला तरी निरोप दुसऱ्या वाटेने पोचेल. ती शेतकरीण दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागली, तर सारी वस्ती निरोपावाचून राहील. माणूस किती जणांच्या वाटेवर मध्ये येतो हे मोजण्याची रीत फ्रीमन यांनी 1977 साली मांडली. हेच माप संबंधांना लावून जाळ्यातील गट वेगळे काढण्याची पद्धत गर्व्हन व न्यूमन यांनी 2002 साली दिली.

प्रतिष्ठा आणि पोच यांतही गल्लत होऊ नये. कर्नाटकातील 213 गावांत झालेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गावकऱ्यांनाच विचारले गेले की, बातमी पसरवायची तर ती कोणाला सांगावी? त्यांनी सुचविलेल्या माणसांकडून वार्ता अधिक पसरली. मानमरातब असलेल्या वडीलधाऱ्यांकडून तशी पसरली नाही. चावडीवर पुढे बसणाऱ्यास पत्रक देऊन परतणाऱ्या कार्यकर्त्याने हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु फरदड सोडणे ही केवळ वार्ता नव्हे. हाती येऊ शकणारी वेचणी सोडावी लागते आणि एकाच्या सांगण्यावरून तेवढे धाडस सहसा कोणी करीत नाही. आफ्रिकेतील मलावी देशात 200 गावांत मक्यासाठी खड्डे घेऊन पेरण्याचे तंत्र दोन-दोन शेतकऱ्यांना शिकविण्यात आले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, अनेक शेतकरी ते तंत्र एकापेक्षा अधिक ओळखीच्यांकडून कळल्यावरच स्वीकारतात. या दृष्टीने पाहता वरील उदाहरणातील वीस जोड्यांचा संबंध वार्तेस पुरेल, पण मन वळविण्यास पुरेलच असे नाही. वस्तीवर आणखी एक वाट हवी. दूध संकलनाची, बचत गटाची किंवा सावडीच्या बैलांची.

अशा वाटा शोधण्यास मोठी साधने लागत नाहीत. “तुमची कोणाशी ओळख आहे?” असे विचारू नये, गावात सर्वांची सर्वांशी ओळख असतेच. “गेल्या हंगामात बोंडे किडली तेव्हा प्रथम कोणास विचारले?” असे विचारावे आणि उत्तरातील नावाकडे बाण काढावा. हाच प्रश्न घरातील स्त्रियांनाही स्वतंत्रपणे विचारावा; वरील उदाहरणातील एकमेव दुवा पुरुषांना विचारून कदाचित हाती लागलाही नसता. हा नकाशा चावडीवर मात्र लावू नये. कोण कोणाकडे जात नाही हेही त्यात दिसते आणि त्यावरून गावात नसते वाद उभे राहतात. हंगामागणिक तो पुन्हा तपासावा लागतो. गिरणी बंद पडते, दुधाची गाडी नव्या वाटेने येऊ लागते. कपाशीच्या गावी ही विचारपूस शेवटच्या वेचणीपूर्वी उरकलेली बरी, म्हणजे फरदडीचा निर्णय होण्याआधी वस्तीवर दोन वाटांनी जाता येईल.