आधी चीक वाहू द्या

कोल्हापुरात रुईकर कॉलनी आहे, हातकणंगले तालुक्यात रुई नावाचं गाव आहे, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला असतात. रुई नाही ती फक्त घरच्या बागेत. मी कुंडीत तिची काडी खोचत होते तेव्हा शेजारच्या काकू कट्ट्यावरून म्हणाल्या, "रुई काय लावायची वस्तू हाय व्हय? पडक्या भिंतीला आपसूक येतीया की!" त्यांचं चुकलं नव्हतं. माझी काडी मात्र आठवड्यात काळी पडली. आपसूक येणारं झाड हातानं लावायला गेलं की अडतं कुठे, हे शोधताना कळलं, की या झाडाविषयी आपण धरून चाललेलं बरंचसं अर्धवट आहे.

गैरसमज : मिल्कवीड हे परदेशी झाड. आपल्याकडे ते कुठलं मिळणार?

वस्तुस्थिती : मिल्कवीड हे एका झाडाचं नाव नाही, ती चिकाच्या झाडांची मोठी भावकी आहे. रुई त्यातलीच. भिंतीवर, बांधावर चढणारी हिरणदोडी त्यातलीच. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कड्यांवर पावसाळ्यात फुलणारी कंदीलपुष्पंही त्यातलीच. या कंदीलपुष्पांच्या अनेक जाती जगात फक्त सह्याद्रीत सापडतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती शोधण्याचं, वाढवण्याचं आणि जपण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. म्हणजे मिल्कवीडच्या भावकीचं एक जाणतं घर कोल्हापुरातच आहे. दुर्मीळ कंदीलपुष्पं मात्र रानातून उपटून आणायची नसतात. घरासाठी रुई पुरेशी आहे.

रोपवाटिकेत 'मिल्कवीड' म्हणून जे लाल-पिवळ्या फुलांचं नाजूक झुडूप मिळतं, ते हळदकुंकू. त्याला कुरकी किंवा काकतुंडीही म्हणतात. ते मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं, आता इथे रुळलेलं. आणि त्यावर मोनार्क येईल म्हणून वाट पाहू नका. ते फुलपाखरू अमेरिकेतलं. आपल्याकडे येतो त्याचा भाऊबंद, प्लेन टायगर, ज्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात.

गैरसमज : चिकाच्या झाडाची काडी लागत नाही, ती कुजतेच.

वस्तुस्थिती : लागते. कुजते ती घाईमुळे. रुईची फांदी कापली की चीक भळाभळा वाहतो. तो झाडाचा बचाव आहे. जखम बुजवायची आणि खाणाऱ्याचं तोंड चिकटवायचं. ओली जखम तशीच ओल्या मातीत खोचली की बुरशीला आयतं दार मिळतं. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं.

रीत अशी : कोवळा शेंडा नको आणि तळाचं जून लाकूडही नको, मधली, बोटाएवढ्या जाडीची फांदी घ्या. वीतभर लांब, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या जरा खाली द्या. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढा. ती मोठी असली तर अर्धी कापा. कापलेलं टोक कोमट पाण्यात धरून चीक वाहून जाऊ द्या. मग काडी सावलीत एक-दोन दिवस नुसती पडू द्या. टोक कोरडं होऊन त्यावर पापुद्रा धरला की लावा. दोन भाग वाळू आणि एक भाग माती, तळाला भोक असलेली कुंडी, दोन पेरं मातीत. पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोनं आहे, रुईच्या काडीला नाही. ती पाणी धरून ठेवते. नुसत्या काळ्या मातीत लावू नका.

गैरसमज : चीक दिसला की सगळ्यांना हीच रीत.

वस्तुस्थिती : हळदकुंकवाचं उलट आहे. त्याची काडी मऊ, पाणीदार. दोन दिवस सुकवली तर ती मरते. त्याचा हिरवा शेंडा चार-पाच बोटं लांब घ्यायचा, फुलं-कळ्या खुडायच्या, खालची पानं काढायची, चीक धुवायचा आणि लगेच पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये ठेवायचा. खिडकीतल्या बाटलीतही त्याला दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. पाणी दोन दिवसांनी बदला. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत हलवा. पाण्यातली मुळं नाजूक असतात; ती लांबलचक होऊ दिली तर मातीत जाताना तुटतात.

रुईची काडी मात्र बाटलीत ठेवू नका. पाणी दुधाळ होतं, मग वास येतो, मग काडी मऊ पडते.

गैरसमज : पालवी फुटली म्हणजे काडी लागली.

वस्तुस्थिती : इथे बहुतेकांची फसगत होते. पंधरा दिवसांत रुईच्या काडीला दोन इवली पानं येतात, आपण खूष होऊन काडी मोठ्या कुंडीत हलवतो आणि ती मान टाकते. ती पालवी काडीत साठलेल्या शिदोरीवर फुटलेली असते. खाली मूळ असेलच असं नाही. महिना-दीड महिना कुंडी हलवू नका. काडी अगदी हलक्या हातानं ओढून पाहा. ती मातीला धरून राहिली तर मूळ आहे.

गैरसमज : पावसाळ्यात काय, काहीही खोचा, लागतंच.

वस्तुस्थिती : जास्वंदीला आणि शेवग्याला चालतं ते रुईला चालत नाही. ती कोरड्या, उन्हाच्या, निचऱ्याच्या जागेची. कोल्हापुरातली जुलैची झड लागली की तिची काडी आठ दिवसांत गळते. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर बरा. पावसाळ्यातच लावायची असेल तर पत्र्याखाली ठेवा आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

गैरसमज : त्यापेक्षा रस्त्याकडचं झाडच उपटून आणावं.

वस्तुस्थिती : रुईचं सोटमूळ खोल जातं. उपटताना ते तुटतं आणि मोठं झाड सहसा जगत नाही. काडीच्या झाडाला सोटमूळ नसतं, बाजूची मुळं असतात. म्हणून पहिलं वर्ष त्याला काठीचा आधार आणि उन्हाळ्यात थोडं पाणी द्यावं लागतं. कुंडीत वाढवायची असेल तर हीच गोष्ट सोयीची ठरते.

पांढऱ्या रुईचे तर फार हाल होतात. तिच्या मुळात २१ वर्षांनी आपोआप गणपती तयार होतो, असा समज आहे. जुनं मूळ गाठाळ, वळणाचं असतं. त्यात सोंड शोधणारा डोळा आपला असतो, आणि बाजारातल्या पुष्कळ मूर्तींवर पटाशीचं काम असतं. मूळ खणलं की झाड गेलं. पांढरी रुई हवी असेल तर काडीसारखा मार्ग नाही, कारण काडीतून आईचंच झाड पुन्हा उभं राहतं, रंगासकट. बियांचा भरवसा नाही. रुईचे पराग धुळीसारखे उडत नाहीत. त्यांच्या जोडपिशव्या असतात, त्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायांना अडकून दुसऱ्या फुलात जातात. तो भुंगा कुठल्या जांभळ्या रुईवरून आला, हे बी बोलून दाखवत नाही.

गैरसमज : दारात रुई अशुभ.

वस्तुस्थिती : तिसरं लग्न करणाऱ्या पुरुषाचं आधी रुईशी लग्न लावायची जुनी चाल होती. त्याला अर्कविवाह म्हणत. पुढचं अरिष्ट झाडावर जावं, हा त्यामागचा हेतू. रुईच्या नावाला चिकटलेली भीती अशा चालीरीतींतून आली असावी. पण तीच रुई मारुतीच्या गळ्यात आणि सूर्याच्या समिधांत चालते. झाड तेच, सोयीनं शुभ-अशुभ आपण ठरवतो.

गैरसमज : रुईचा चीक औषधी, त्यामुळे निर्धास्त हाताळावा.

वस्तुस्थिती : काटा रुतला, दाढ दुखली की चीक लावायची सवय जुनी आहे. पण काडी छाटताना धोका डोळ्याला असतो. चिकाचे हात डोळ्याला लागले तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि धूसर दिसू लागतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. महाभारतातला उपमन्यू भुकेपोटी रुईची पानं खाऊन आंधळा झाला आणि विहिरीत पडला; या झाडाचं आणि डोळ्याचं वाकडं आहे, हे जुन्यांनाही ठाऊक होतं. हातमोजे घाला, कात्री धुवा, मुलांना लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

गैरसमज : पानं कुरतडली, कीड पडली, फवारा मारा.

वस्तुस्थिती : पानं कुरतडली जाणं हेच तर या झाडाचं फळ. पानामागे एकेकटं पांढरं अंडं, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगरची अळी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात झाड बोडकं झालं तरी ते पुन्हा फुटतं. शेंड्यावर पिवळा मावा दिसला तर पाण्याची धार आणि दोन बोटं पुरतात. कीटकनाशक माव्याबरोबर अळीही मारतं. नर्सरीतून आणलेलं निष्कलंक, एकही भोक नसलेलं रोपही याच कारणानं संशयास्पद. औषध अंगात भिनलेलं असेल तर अळ्या पानं खाऊन मरतात. अशा रोपाला काही महिने द्या, आणि काडी त्यावरच्या नव्या फुटीची घ्या.

परवा सकाळी माझ्या तिसऱ्या खेपेच्या, जगलेल्या रुईवर अळी पाहत बसले होते. पान खायच्या आधी तिनं मधली शीर देठाजवळ कुरतडली. चीक थेंबाथेंबानं बाहेर आला, पान खाली लोंबलं. मग ती सावकाश टोकाकडे गेली आणि खायला लागली. तिकडे आता चीक पोचत नव्हता. जो थोडा विषारी अंश पोटात जातो, तो ती साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्ष्यांना त्याच चवीनं लांब ठेवते.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "आधी चीक काढती व्हय ती?" म्हणाल्या. मला हे कळायला दोन काड्या घालवाव्या लागल्या होत्या.