सोळा भागांची गोष्ट, तीन हजार भागांचा संसार
(लेखमाला : परक्या पडद्यावर, भाग पाचवा)

कोरियन मालिका का आवडते, असं साताऱ्यात विचारा नाहीतर सांगलीत, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "अहो, ती संपते!" देखणा नायक, बर्फ, सुरेख कपडे, वाफाळत्या नूडल्स हे सगळं त्यानंतर येतं. माझं माहेर सातारा आणि सासर सांगली, त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांची मतं ऐकून मी हे लिहिते आहे. मागच्या भागात आपण चिनी राजवाड्यातली कारस्थानं बघितली. आज या 'संपण्या'कडे बघू. माझ्या मते मालिकेची लांबी लेखक ठरवत नाही, धंदा ठरवतो. आणि आपल्याला जे आवडतं किंवा खटकतं, त्यातलं निम्मं तिथंच ठरून गेलेलं असतं.

कोरियात वाहिनीचा आठवडा जोड्यांनी वाटलेला असतो. सोमवार-मंगळवारी एक मालिका, बुधवार-गुरुवारी दुसरी, शनिवार-रविवारी तिसरी. तास-सव्वा तासाचे आठवड्याला दोन भाग, म्हणजे सोळा भाग आठ आठवड्यांत आटोपतात. नवव्या आठवड्यात त्या जागेवर नवी मालिका यायची असते, त्यामुळे रेंगाळायला वावच नाही. लेखिका बहुधा एकच असते आणि शेवट कुठं करायचा हे तिला पहिल्यापासून माहीत असतं.

आता आपलं बघा. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि ते पडले की ट्रॅक बदलतो. गंमत अशी, की हिशेब मांडला तर दोन्हीकडे प्रेक्षकाला आठवड्याला दोन-सव्वादोन तासच मिळतात. कोरियन मालिकेचे सोळा भाग म्हणजे आपले साधारण पन्नास. पन्नासाव्या भागाला आपल्याकडे नायक-नायिकेची नुकती भांडणं मिटत आलेली असतात. तिकडे तेवढ्यात ओळख, प्रेम, ताटातूट, आजारपण आणि लग्न, सगळं उरकलेलं असतं.

हे जवळून बघायचं असेल तर दोन फौजी मालिका शेजारी ठेवा. 'डिसेंडंट्स ऑफ द सन' 2016 मध्ये कोरियाच्या केबीएस वाहिनीवर आली. कॅप्टन यू शी-जिन आणि डॉक्टर कांग मो-यॉन यांची ही प्रेमकथा, भाग सोळा. पुढच्याच वर्षी ती हिंदीत डब होऊन 'झिंदगी' वाहिनीवर आपल्याकडे दिसली. त्याच 2017 च्या 1 मे रोजी झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली. तेजपाल वाघ यांचं लेखन, श्वेता शिंदे यांची निर्मिती, नायक साताऱ्याचाच नितीश चव्हाण आणि चित्रीकरणही सातारा जिल्ह्यातलं. ही मालिका जून 2019 पर्यंत चालली.

कोरियन कॅप्टन देखणा आहे, हजरजबाबी आहे, आणि अधूनमधून फौजेत आहे. एका काल्पनिक देशात भूकंप होतो, गोळ्या सुटतात, तो मेला असं सगळे धरून चालतात आणि पंधराव्या भागात तो वाळवंटातून चालत येतो. त्या प्रसंगाला मीही डोळे पुसले, नाही कशाला म्हणू? पण तो घरी कुणाचा कोण, पगारातलं किती घरी पाठवतो, रजा मंजूर झाली नाही तर घरात काय होतं, यातलं फारसं काही कळत नाही. कोरियात धडधाकट तरुणाला सक्तीनं लष्करात जावं लागतं. भूदलात ही सेवा दीड वर्षाची असते. इतक्या घरांना जे माहीत आहे, ते त्या मालिकेत जवळजवळ नाहीच.

'लागिरं'मध्ये नेमकं तेच आहे. भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं, पास-नापासाची धाकधूक, पोराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आजी, जिजी. पेशानं शिक्षिका असलेल्या कमल ठोके यांनी ती अशी उभी केली, की अपशिंग्यातली एखादी आजीच उचलून आणली आहे असं वाटावं. आमच्या जिल्ह्यातलं ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' याच नावानं ओळखलं जातं. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्याचीच, 1961 सालची. भरतीचा आणि वाट बघण्याचा हा तपशील सोळा भागांत मावला नसता. तो दोन वर्षांच्या ऐसपैस वेळेतूनच आला. अर्थात त्याच ऐसपैस वेळेनं एकच कारस्थान चार वेळा नव्या साडीत आणलं, हेही खरं.

चिनी मालिकांचं गणित आणखी वेगळं. तिथं निर्माता मालिका विकायचा ती दर भागामागे इतके पैसे या हिशेबानं. भाग वाढले की कमाई वाढली. मग आमटीत पाणी घालणं आलंच. राणीमहालातल्या डावपेचांची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' 76 भागांची, 2018 ची 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' 70 भागांची. शेवटी सरकारनंच लक्ष घातलं आणि 2020 मध्ये सांगितलं, की मालिका चाळीस भागांच्या आत ठेवा, तिसात बसली तर उत्तम. माझ्या मते 'निर्वाणा इन फायर' (2015) ही 54 भागांची मालिका मात्र एका भागानंही कमी नको होती. आजारी, सशस्त्र लढाईला असमर्थ माणूस नुसत्या बुद्धीवर राजदरबार हलवतो, त्याला तेवढा पट लागतोच. पण तिचे पहिले चार-पाच भाग माणसांची नावं लक्षात ठेवण्यातच जातात, कागद-पेन घेऊन बसा.

चिनी मालिकांतलं मला न रुचणारं म्हणजे आवाज. पुष्कळ मालिकांत पडद्यावरच्या नटाचा आवाज त्याचा नसतोच, वेगळ्या कलाकाराकडून डब केलेला असतो. हेंगदियानच्या अवाढव्य स्टुडिओत एकाच वेळी अनेक युनिटं शूटिंग करत असतात, नट वेगवेगळ्या प्रांतांतले, बोलीही वेगळ्या; म्हणून ही सोय. पण रडणारा चेहरा एकाचा आणि हुंदका दुसऱ्याचा, हे कानाला जाणवतं. सांगलीसारख्या नाटकाच्या गावात राहणाऱ्या माणसाला तर फारच.

हेंगदियानवरून वाई आठवते. मेणवलीचा घाट किती सिनेमांत दिसला याची गणती नाही, आणि गेल्या काही वर्षांत सातारा परिसर मराठी मालिकांचं ठाणं झाला आहे. 'देवमाणूस'ही इथलीच. मालिका दोन वर्षं चालते म्हणजे भाड्यानं दिलेला वाडा, लॉज, डबेवाल्या बायका, जनरेटर, गाड्या आणि गर्दीतली माणसं, सगळ्यांची दोन वर्षं सोय होते. सोळा भागांचं युनिट काही महिन्यांत गाशा गुंडाळून जाईल. 'आपल्याकडे का नाही छोट्या मालिका करत?' असं विचारताना हा हिशेबही ध्यानात घ्यावा. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, भाग तीन हजारांच्या पुढे गेले. तेवढ्या वर्षांत कित्येक घरांची पोटं तिच्यावर चालली असतील. शिवाय रोजच्या मालिकेत दिवाळी आपल्या दिवाळीलाच येते, संक्रांत संक्रांतीलाच. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला त्याचं मोल काय असतं, ते तिलाच विचारा. कोरियन मालिकेला ही सोबत जमत नाही.

आता एक आक्षेप, जो सांगलीत वरचेवर ऐकते : परक्यांचं बघून आपलं बिघडतं. ज्या गावात हे म्हणतात, त्या गावाचा इतिहास उलटा आहे. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे कानडी खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी बघितले आणि असं काही मराठीत करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' झालं. भाव्यांनी परकी गोष्ट उचलली नाही, मांडणीची रीत उचलली, आणि तीही आपल्याला झेपेल तेवढीच. आपल्या वाहिन्यांनी कोरियाकडून बर्फ आणि श्रीमंत नायक घेऊ नयेत, शेवट ठरवून लिहायची सवय घ्यावी. वर्षाला एक मालिका तरी पन्नास भागांत संपवून बघावी.

ज्यांनी अजून काहीच बघितलेलं नाही, त्यांनी 'रिप्लाय 1988'पासून सुरुवात करा. सोलच्या एका गल्लीतली पाच घरं, भाग वीस. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एक आई शेजारी कालवण पाठवते, तिथून दुसरं काही परत येतं, पोरं वाडगे घेऊन गल्लीभर पळत राहतात आणि प्रत्येक घराचं ताट बदलून जातं. रिकामी वाटी परत न करणाऱ्या आपल्या बायकांना यात काहीच समजावून सांगावं लागणार नाही. मूळ आवाजातच बघा, वेग वाढवू नका आणि पहिले दोन भाग संथ वाटले तरी सोडू नका. पुढच्या आठवड्यात आपण याच मालिकेतल्या वडिलांबद्दल बोलू, तोवर निदान चार भाग बघून ठेवा.