टाकीतला समुद्र पाळायचाय?

रील्स बघताना ती निळ्या लाइटमधली टाकी तुम्हालाही दिसली असेल. जांभळ्या-हिरव्या, शेंड्याला चमकणाऱ्या फांद्या आणि मधूनच फिरणारा क्लाउनफिश. 'आपल्याकडेही हवी यार' असं वाटलं ना? मग आधी त्या फांद्यांची ओळख करून घ्या. ते झाड नाही, प्राणी आहे. नाव अ‍ॅक्रोपोरा. (आजीच्या अंगठीतलं पोवळं ते हे नव्हे, ती जात वेगळी.)

एकेका फांदीवर बारीक बारीक पॉलिप्सची दाटी असते. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशातून अन्न बनवून यजमानाला देतं. पाणी काही दिवस जास्त तापलं की ही जोडी फुटते. शैवाल बाहेर आणि फांदी पांढरीफटक! १९९८ मध्ये लक्षद्वीपला हे मोठ्या प्रमाणावर झालं. टाकीत व्हायला मे महिना आणि बंद पडलेला चिलर पुरे.

खरी परीक्षा मात्र केमिस्ट्रीची. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे प्रवाळ रोज पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढत असतं. जाणकार कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच आणि तापमान २५-२६ अंशांवर ठेवतात. आकडा गाठणं सोपं, तो हलू न देणं अवघड. अल्कलिनिटी झपकन वर-खाली झाली तर फांदीवरची कातडी सोलून निघू शकते. कधी कधी एका रात्रीत नुसता पांढरा सापळा उरतो. आणि हो, टाकीतलं पाणी उडून कमी झालं की भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. पाणी उडतं, मीठ नाही.

आता मुद्द्याचं. दुकानदार म्हणेल, 'टेन्शन नको, सगळेच ठेवतात.' पण सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून तोडलेलं प्रवाळ विकणं-घेणं गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान ३ वर्षं कैद. परदेशातून आलेलं असेल तर सायटिसचा परवाना लागतो. कागद मागा. उत्तर गोलगोल आलं तर दुकानातून बाहेर पडा.

हौस आहेच, तर आधी फक्त माशांची खाऱ्या पाण्याची टाकी घ्या आणि टेस्ट किटवरचे आकडे सहा महिने स्थिर ठेवून दाखवा. जिवंत प्रवाळ बघायचंय? पावसाळा संपला की मालवणला स्नॉर्केलिंग सुरू होतं. फक्त पाय त्यांच्यावर टेकवू नका.