वेचणी हिवाळ्यात, पाणी पावसाळ्यात

एप्रिल 1861 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, लिंकनने बंडखोर दक्षिणेकडच्या बंदरांची नाविक नाकेबंदी जाहीर केली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची रुई आटू लागली. तिथला तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतूनच यायचा. साहेबांची नजर वऱ्हाडाकडे आणि हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. अडचण वाहतुकीची होती. गाठी बैलगाडीने न्यायच्या, तर रस्ते कच्चे आणि पल्ला लांब.

मग नदी का नको? पैनगंगा वर्धेला मिळते, पुढे वैनगंगेशी गाठ पडली की प्राणहिता होते, आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या कडेने ती कालेश्वरमला गोदावरीत उतरते. तिथून समुद्र. गोदावरीवरच्या मालाची जकात 1860 च्या निजामाबरोबरच्या तहातच उठली होती. अभियंते आर्थर कॉटन यांनी या जलमार्गाचा आग्रह धरला आणि कॅप्टन हेग यांनी काम हाती घेतलं.

मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. अशा ठिकाणी पात्र एकदम उतरतं, पाणी खडकांतून उसळतं. उपाय जुनाच: बंधारा घालून पाणी अडवायचं आणि बाजूच्या कालव्यात दोन दारांचा हौद बांधायचा. नाव आत घेऊन हौदातलं पाणी कमी केलं की ती अलगद खालच्या पातळीला येते. पंप लागत नाही.

खडकांवर तोड होती, हंगामावर नव्हती. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. पावसावर जगणाऱ्या या नद्या नेमक्या तेव्हाच ओसरू लागतात. जोरात पाणी असतं तेव्हा शेतात नुसती रोपं. माझ्या मते, योजनेचं खरं दुखणं हेच होतं.

तोवर अमेरिकेतलं युद्धही संपत आलं. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेच्या सेनापती लीने शरणागती पत्करली. युरोपपर्यंत ती बातमी जहाजाने गेली, पुढे भारतात तारेने येण्याची सोय त्याच वर्षी झाली होती. मुंबईत रुईचे भाव कोसळले, 1 जुलैला सट्ट्याचे सौदे बुडाले.

गोदावरीचं काम त्यानंतरही रेटलं गेलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तिला पाण्याची पातळी बघावी लागत नव्हती. 1871 मध्ये जलमार्ग सोडून देण्यात आला.