मस्करीची कुस्करी

अमेरिकेतील एका गॅरेजात एक बाई मोटार घेऊन आली. “ही चालत नाही, जरा पाहता का?” असे तिने मिस्त्रीला विचारले. मिस्त्रीने मोटारीचे झाकण उघडले आणि तो चकितच झाला. आत इंजिनच नव्हते! मोटार उतारावरून नुसती घरंगळत आली होती. मिस्त्रीचा गोंधळलेला चेहरा लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपला. पुढे तो दूरचित्रवाणीवर दिसताच घरोघरी हशा पिकला.

‘कॅन्डिड कॅमेरा’ हा तो कार्यक्रम. अॅलन फंट यांनी असा प्रयोग प्रथम १९४७ साली नभोवाणीवर केला आणि १९४८ साली तो दूरचित्रवाणीवर आणला. अशा कार्यक्रमात जो फसावयाचा तो एकटाच अंधारात असतो. बाकीच्यांना बेत ठाऊक असतो. शेवटी कॅमेरा दाखवून उलगडा करतात व चित्रण दाखवण्यास त्याची संमती घेतात.

पुढे दूरचित्रवाणीच्या वाहिन्या वाढल्या. प्रेक्षक आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागली. एकदा पाहिलेल्या गमतीचे पुन्हा तितके हसू येत नाही. म्हणून दर वेळी काही अधिक झणझणीत हवे असते. अशा रीतीने नवलाची जागा भयाने घेतली. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्केअर टॅक्टिक्स’ या कार्यक्रमाचा तर माणसाला घाबरवणे हाच हेतू होता. परग्रहावरील प्राण्याच्या हल्ल्याचा देखावा करून त्यात एका स्त्रीला फसवण्यात आले. त्या भीतीने आपणांस इजा झाली, असे सांगून तिने न्यायालयात दाद मागितली.

अशा फसवणुकीची सवय जडली की खऱ्या संकटावरही विश्वास बसत नाही. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी फंट सहकुटुंब विमानाने मायामीस निघाले होते. वाटेत अपहरणकर्त्यांनी विमान क्यूबाकडे वळवले. परंतु फंट यांना ओळखताच काही प्रवाशांस वाटले, ही यांचीच एखादी थट्टा असणार! ते निर्धास्त झाले. हे संकट खरे आहे, असे फंट सांगत होते, पण ते कोणाला पटेना. विमान खरोखरच क्यूबात उतरले, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. सुदैवाने प्रवासी सुखरूप सुटले. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीची आठवण व्हावी, असाच हा प्रसंग!

थट्टा जीवनात अवश्य असावी. ज्याची थट्टा केली तोही शेवटी मोकळेपणाने हसू शकला, तर तिला विनोद म्हणावे. तो भयाने थरथरत असताना इतरांनी हसावे, हा विनोद नव्हे. हे क्रौर्य होय. संमती मागतात ती सर्व घडून गेल्यावर. सोसलेले भय तिने पुसले जात नाही. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. तो दुसऱ्यावर रोखण्यापूर्वी त्याच्या जागी आपण स्वतः आहोत, अशी क्षणभर कल्पना करावी. तेवढ्याने मस्करीची कुस्करी टळेल.