हिरवे टोमॅटो, एक केळं

ऑगस्ट संपत आला, तरी नासमधल्या आमच्या परसातले टोमॅटो हिरवेच. तुमचेही तसेच असतील, तर उन्हासाठी कुंड्या हलवत बसू नका. टोमॅटो पिकायला ऊन नाही, ऊब लागते. साधारण १० अंशांखाली लाल रंगाचं लायकोपीन नीट बनतच नाही.

वाट पाहावी, तर करप्याची भीती. १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे कुजवणारा फायटोफ्थोरा टोमॅटोलाही सोडत नाही. हवामान खातं, मेट एरन, आजही त्याचा इशारा देतं. तो आला की पूर्ण वाढलेली, फिकट हिरवी फळं उतरवा आणि पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत घरात ठेवा. आंब्याची अढी घालतो तसंच हे: फळांतून निघणारा इथिलीन वायू कोंडून राहतो. डागाळलेलं फळ मात्र पिशवीत नको. अगदी कोवळी पिकणार नाहीत. त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करा.